शिनोळीची सीमा ओलांडली म्हणून लायसन जिवंत होत नाही

"बेळगावात लायसन सस्पेंड झालं? चंदगडचा पत्ता दाखव, कोल्हापूरचं नवं काढ." निपाणीपासून खानापूरपर्यंत टेम्पो स्टँडवर हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो साफ चुकीचा आहे.

मोटार वाहन कायदा १९८८ चा, केंद्राचा, कर्नाटक-महाराष्ट्र सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच. कलम २३ प्रमाणे अपात्रतेच्या, म्हणजे लायसन बंद ठेवल्याच्या, काळात जुनं लायसन चालत नाही आणि नवंही काढता येत नाही. तसा नुसता अर्ज केला तरी गुन्हा: कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. ज्याचं पोट स्टेअरिंगवर आहे, त्याला कळकळीनं सांगतो, हा धोका पत्करू नका.

लायसन बंद केल्याचा हातात येणारा आदेश बहुधा कन्नडमध्ये असतो. वाचता येत नाही म्हणून तो डॅशबोर्डच्या खणात कोंबून ठेवू नका. अपिलाचे ३० दिवस तो मिळाल्यापासून मोजतात. त्याच संध्याकाळी जाणत्याकडून वाचून घ्या: निलंबन की रद्द, आणि किती तारखेपर्यंत? निलंबन असेल तर मुदतीनंतर तेच लायसन परत मागायचं. २०१९ च्या दुरुस्तीनं त्यासाठी उजळणी प्रशिक्षणाची अट घातली आहे, तेवढं आरटीओत आधीच विचारून ठेवा.