डोळ्यांना कडा, पायांना फरशी

फ्रँकफुर्टच्या क्रायटेक कंपनीने एप्रिल २०१६ मध्ये ‘द क्लाइम्ब’ हा कडे चढण्याचा व्हीआर (आभासी वास्तवातला) गेम बाजारात आणला, तेव्हा त्यात खेळणाऱ्याच्या हातांना फारसं कामच नव्हतं. डोळ्यांपुढे आभासी जग उभं करणारा हेडसेट घालायचा, मान वळवून पुढची खोबण नजरेने हेरायची आणि गेमपॅडचं बटण दाबायचं. समोर दिसणारा पंजा आपोआप तिथे जाऊन चिकटायचा. त्याच वर्षी डिसेंबरात हेडसेट बनवणाऱ्या ऑक्युलस कंपनीचे, दोन्ही हातांत धरायचे ‘टच’ कंट्रोलर आले आणि खेळाचा नूरच पालटला. आता स्वतःचा हात उचलून खोबणीपर्यंत न्यायचा, ट्रिगर आवळायचा आणि हात खाली ओढायचा. हात जितका खाली येईल तितके आपण वर. समोर व्हिएतनामच्या हा लाँग उपसागराची आठवण करून देणारे सुळके, नाहीतर आल्प्समधल्या भिंती. पायाखाली मात्र घरातलीच फरशी.

हे सगळं खोटं आहे हे खेळणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. तरी खाली नजर गेली की पोटात गोळा येतो आणि तळहातांना घाम सुटतो. ही निव्वळ कल्पनाशक्तीची कमाल नव्हे. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात फ्रेडरिक ब्रुक्स यांच्या गटाने यासाठी एक आभासी खोली बनवली होती. तिची जमीन मधोमध गायब, कडेने चालायला अरुंद पट्टी आणि सुमारे सहा मीटर खाली दुसरी खोली. माणसं त्या खड्ड्याशी आली की त्यांच्या हृदयाचे ठोके वाढत. मग संशोधकांनी एक साधीच युक्ती केली. आभासी पट्टीच्या जागी खरोखरच्या जमिनीवर दीड इंच जाडीची लाकडी फळी ठेवली. पावलांना कड लागली आणि ठोके आणखी वाढले. दीड इंचावरून पडून कुणाला काय होणार? पण डोळे आणि पाय यांची साक्ष जुळली की मेंदू उलटतपासणी करत बसत नाही.

उंचीवर पाय लटपटतात त्यामागे भीतीखेरीज आणखी एक कारण आहे आणि मला ते जास्त गमतीचं वाटतं. आपण ‘स्थिर’ उभे असतो तेव्हाही शरीर किंचित डुलत असतं. हे डुलणं आवरायला मेंदूला तीन ठिकाणांहून खबर मिळते: कानातल्या तोल सांभाळणाऱ्या नलिका, तळपाय आणि सांधे, आणि डोळे. डोळ्यांची खबर अशी की डोकं जरा हललं की जवळच्या वस्तू नजरेसमोर सरकतात. हाताच्या अंतरावरची भिंत लगेच सरकलेली दिसते. कड्याच्या टोकावर उभं राहिलं तर समोरची सगळ्यात जवळची वस्तू दोनशे मीटरवरचं झाड असतं. ते इतकं कमी सरकतं की डोळ्यांना कळतच नाही. कान आणि तळपाय म्हणतात ‘आपण डुलतोय’, डोळे म्हणतात ‘छे, काहीच नाही’. या गोंधळात डुलणं खरोखरच वाढतं. जर्मन मेंदूविकारतज्ज्ञ थॉमस ब्रांट यांनी १९८० च्या सुमारास हे मांडलं. कड्यावर बसून घेतलं किंवा जवळच्या दगडावर नजर ठेवली की बरं का वाटतं, त्याचं उत्तर यात आहे.

हेडसेट नेमकी हीच भूमिती डोळ्यांपुढे उभी करतो. त्यामुळे आभासी कड्यावरून खाली बघणारा माणूस बैठकीच्या खोलीत खरंच झुकतो, सोफ्याचा आधार शोधतो. आणि कातळाकडे तोंड केलं की सावरतो, कारण आता नाकासमोर, हातभर अंतरावर, खडबडीत दगड दिसत असतो. ‘खाली बघू नकोस’ हा गिर्यारोहकांचा सल्ला धीर देण्यापुरता नाही, त्याला तोलाचं शास्त्र आहे.

अशा खेळात मळमळ का होत नाही, हाही प्रश्न रास्त आहे. काहींना होतेच. पण कळ दाबून पळायच्या किंवा उडायच्या गेमपेक्षा चढाईचा गेम बऱ्याच जणांना सोसतो. कळीने पळताना डोळ्यांपुढचं जग धावतं आणि शरीर मात्र ढिम्म. मेंदूला याचा मेळ लागत नाही. चढाईत जग खाली सरकतं ते आपल्याच हाताच्या ओढीने, तितकंच आणि त्याच क्षणी. हालचालीचा हुकूम मेंदूनेच दिलेला असल्यामुळे पुढे काय दिसणार याचा त्याला अंदाज असतो. अर्थात चित्राने डोक्याच्या हालचालीमागे रेंगाळून चालत नाही. हा विलंब वीस मिलिसेकंदांच्या आत ठेवायचा, हा या धंद्यातला ठोकताळा आहे. ऑक्युलसचा पहिला ‘रिफ्ट’ हेडसेट सेकंदाला ९० चित्रं दाखवायचा, ते याचसाठी.

भीती इतकी अस्सल असेल तर तिच्यावर उपचारही इथेच करता येतील, हे मानसोपचारतज्ज्ञांनी गेम येण्याच्या कितीतरी आधी ओळखलं होतं. बार्बरा रॉथबॉम आणि लॅरी हॉजेस यांनी १९९५ मध्येच उंचीच्या भयगंडावर आभासी पूल आणि काचेची लिफ्ट वापरून पाहिली. २०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या डॅनियल फ्रीमन यांच्या गटाने शंभर जणांवर चाचणी घेतली. निम्म्या लोकांना दहा मजली आभासी इमारतीत नेलं. तिथे उपचार करणारा जिवंत माणूस नव्हता, संगणकातलीच एक मार्गदर्शक होती. झाडावर अडकलेलं मांजर सोडवण्यासारखी कामं करत माणसं मजल्यामागून मजले चढली. त्यांची उंचीची भीती सरासरी ६८ टक्क्यांनी उतरली, आणि हेडसेटमध्ये घालवलेला वेळ होता सरासरी दोन तासांच्या आसपास.

म्हणून हेडसेट घालून खऱ्या कड्यावर चढायला शिकता येईल का? माझं मत स्पष्ट आहे: नाही. हेडसेटला उंची कळते, वजन कळत नाही. आणि प्रस्तरारोहण म्हणजे सगळा वजनाचाच हिशेब.

बोटांचंच घ्या. बोटं मिटणारे मुख्य स्नायू बोटांत नसतात, कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात आणि लांब दोऱ्यांसारख्या कंडरांनी बोटं ओढतात. बारीक कपारीवर अंगाचा भार तोलताना हे स्नायू इतके आवळले जातात की त्यांच्यातल्याच रक्तवाहिन्या दाबल्या जातात. रक्त पुरेसं पोचत नाही, आम्ल साठतं, हात टणक होतात आणि बोटं आपसूक उघडू लागतात. गेममध्येही एका हाताने फार वेळ लोंबकळलं की ताकद उतरते, हाताला खडूची पूड लावली की पकड टिकते. पण ते सगळं दिसतं. कोपराखाली काहीच जाणवत नाही. तासभर खेळल्यावर दुखतात ते खांदे, कारण हात सतत डोक्यावर, आणि मान, कारण क्वेस्ट-२ सारख्या हेडसेटचं अर्धा किलो वजन कपाळावर टांगलेलं.

पायांची तर बातच नाही. ‘द क्लाइम्ब’मध्ये हवेत तरंगणारे दोन पंजे आहेत, त्यांना ना दंड, ना धड, ना पाय. खऱ्या कातळावर मात्र नवख्याला पहिली शिकवण असते ती हातांनी लोंबकळू नकोस, पायांवर उभा राहा अशी. बुटाचं टोक बोटभर कंगोऱ्यावर टेकवायचं, कंबर भिंतीजवळ आणायची आणि मांडीच्या जोरावर उठायचं. शिवाय सह्याद्रीच्या बेसाल्टमध्ये खोबण दिसली म्हणून धरली असं चालत नाही. आधी ठोकून बघायची. पोकळ आवाज आला की हात मागे. गेममध्येही ढासळणाऱ्या खोबणी असतात, पण त्या नजरेने ओळखायच्या, कानाने नव्हे.

ही उणीव भरायचा प्रयत्न जर्मनीतल्याच झारब्रुकन इथल्या संशोधकांनी केला आहे. तिथे चढणारा हेडसेट घालतो, पण समोर खरी सरावाची भिंत असते आणि प्रत्येक आभासी पकडीच्या जागी हाताला खरी पकड लागते. भिंत दोन माणूस उंच असली तरी डोळ्यांपुढे शेकडो मीटर खोल दरी उघडता येते. म्हणजे दीड इंची फळीचीच युक्ती, आता सबंध भिंतीवर. इथे अर्थातच पाय पुन्हा हजर होतात. खाली बघितल्यावर स्वतःचं पाऊल दिसलंच नाही तर ते कंगोऱ्यावर टेकवायचं कसं? म्हणून आभासी हात आणि आभासी पाय दिसण्याने चढाईत काय फरक पडतो, हा या गटाने वेगळा अभ्यासाचा विषय केला. त्यासाठी भिंतीचं बिनचूक मोजमाप हवं आणि चारी हातापायांचा क्षणाक्षणाचा ठावठिकाणा हवा. दोन-तीन सेंटिमीटरची चूक झाली तरी दिसणारी पकड एकीकडे आणि हात दुसरीकडे. हा सरंजाम घरात मावणारा नाही, त्यामुळे घरच्या खेळात तूर्तास ते दोन पंजेच चढत राहणार.