पंचवर्तमान: गृहस्थांचे आणि साधूंचे

सहजानंद स्वामींनी प्रवर्तित केलेल्या स्वामिनारायण संप्रदायात गृहस्थांनाही पंचवर्तमान, म्हणजे पाच व्रते, आहे आणि साधूंनाही. नाव एकच असल्याने गृहस्थांची पाच व्रते म्हणजे साधूंच्या व्रतांचे सौम्य रूप असावे, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात दोन्हींचा रोख निराळा आहे.

गृहस्थ सत्संगी, म्हणजे संप्रदायाचा अनुयायी, उजव्या हाताच्या ओंजळीत पाणी घेऊन वर्तमान धारण करतो. मद्य, मांस, चोरी आणि व्यभिचार वर्ज्य करणे ही पहिली चार व्रते. स्वतः न बाटणे व दुसऱ्यास न बाटवणे हे पाचवे व्रत संप्रदायाच्या सुरुवातीच्या काळच्या अन्नपाण्याच्या जातिनिर्बंधांशी जोडलेले होते. आज त्याचा अर्थ आचारशुद्धी असा सांगितला जातो. हा बदल स्वागतार्ह असला, तरी मूळ संदर्भ झाकू नये, असे मला वाटते.

साधूंची व्रते निष्काम (ब्रह्मचर्य), निर्लोभ (धनाचा लोभ नसणे), निःस्वाद (चवीची ओढ नसणे), निःस्नेह (नात्यागोत्याची आसक्ती नसणे) आणि निर्मान (अहंकार नसणे) ही आहेत. येथे नियमाची पकड कृतीपुरती न राहता वृत्तीपर्यंत जाते. निःस्वादासाठी लाकडी पात्रात सारे पदार्थ एकत्र कालवून, वर पाणी घालून जेवण्याची रीत आहे. गोड कोणते आणि तिखट कोणते, हे जिभेला कळूच नये, हा त्यामागील हेतू.

खरा फरक पैशाच्या बाबतीत दिसतो. सहजानंद स्वामींनी 1826 मध्ये वडताल येथे लिहिलेल्या 212 श्लोकांच्या शिक्षापत्रीत, म्हणजे अनुयायांसाठीच्या आचारसंहितेत, गृहस्थाने मिळकतीपेक्षा अधिक खर्च करू नये, रोजचा जमाखर्च लिहावा, मुलाशी किंवा मित्राशीही जमिनीचा वा पैशाचा व्यवहार साक्षीदारांसह लेखी करावा, मजुराला ठरलेली मजुरी द्यावी आणि मिळकतीचा दहावा, ऐपत नसल्यास विसावा भाग देवाला अर्पण करावा, असे सांगितले आहे. साधूने मात्र द्रव्यसंग्रह करू नये आणि दुसऱ्याकरवी करवूही नये. संसारी माणसाचे धन ही केवळ नाइलाजाने दिलेली सवलत असती, तर त्याच्या हिशेबाची इतकी बारीक काळजी घेतली गेली नसती. निर्लोभाच्या नावाखाली जमाखर्च सोडणारा गृहस्थ म्हणूनच स्वतःसाठी सांगितलेली आज्ञा मोडतो.

साधूंच्या पाच व्रतांत मद्य-मांसाचा उल्लेख नाही, याचा अर्थ तेथे मोकळीक आहे असा नव्हे. शिक्षापत्रीतील सामान्य धर्म सर्व आश्रितांना, म्हणजे गृहस्थ व साधू अशा साऱ्या अनुयायांना, सारखेच लागू आहेत, आणि मालकाच्या परवानगीविना सरपण किंवा फूलही घेऊ नये, ही आज्ञा त्यांतच येते.