नाकावरचा रोझेशिया: लेसर कुठला, आणि कुठे थांबवायचा

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचं नाक लाल, जाड आणि खडबडीत व्हायला लागलं की आजूबाजूचे लोक एकच निदान करतात: दारू. हे निदान साफ चुकीचं आहे. या विकाराला ऱ्हायनोफायमा म्हणतात आणि ते रोझेशिया या त्वचाविकाराचं एक रूप आहे. दारूच्या थेंबालाही न शिवलेल्या माणसांना तो होतो. दारूमुळे चेहऱ्यावरच्या रक्तवाहिन्या काही वेळ रुंदावतात आणि असलेली लाली अधिक दिसते, एवढाच काय तो संबंध. कडक ऊन, गरम चहा, तिखट जेवण यांनीही हेच होतं. पण बदनामीच्या भीतीने कितीतरी पुरुष (आणि ही वाढ बहुतांशी पुरुषांनाच होते) वर्षानुवर्षं डॉक्टरांकडे जात नाहीत. जातात तेव्हा सोप्या उपायांची वेळ निघून गेलेली असते.

नाकाच्या खालच्या निम्म्या भागात, म्हणजे शेंड्यावर आणि नाकपुड्यांवर, तेलग्रंथी दाटीवाटीने असतात. रोझेशियात इथे वारंवार दाह होतो. त्यामुळे तीन वेगवेगळे बदल होतात. केशवाहिन्या कायमच्या रुंदावतात आणि जांभळट-लाल धाग्यांसारख्या दिसू लागतात. तेलग्रंथी फुगतात, त्यांची तोंडं मोठी होतात, दाबलं की पिवळट-पांढरा मेद बाहेर येतो. आणि पुढे पुढे त्या जागी तंतुमय ऊती साचत जातात, नाक टणक होतं, गाठी धरतात. मऊ, तेलकट जाडी आणि टणक, तंतुमय जाडी यांतला फरक बोटाने चाचपून बऱ्यापैकी कळतो आणि उपचाराची दिशा त्यावर ठरते. आयसोट्रेटिनॉइनची गोळी तेलग्रंथी आकसवते, म्हणून सुरुवातीच्या मऊ जाडीत तिचा उपयोग होतो. तंतुमय गाठ मात्र कुठल्याही गोळीने किंवा मलमाने विरघळत नाही. ती कापून किंवा जाळूनच काढावी लागते.

म्हणून नुसतं ‘नाकावर लेसर करायचा आहे’ म्हणून भागत नाही. लाल धाग्यांसाठीचा लेसर जाडीवर काहीही करत नाही आणि जाडी काढणारा लेसर वापरायचा तर त्वचेचा वरचा थर जातोच.

आधी लाल धाग्यांचं पाहू. रक्तातलं ऑक्सिहिमोग्लोबिन ५४२ आणि ५७७ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश जोरात शोषतं. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा केटीपी लेसर आणि ५८५ किंवा ५९५ नॅनोमीटरचा पिवळा पल्स्ड डाय लेसर यांची निवड याच कारणाने झाली. प्रकाश त्वचेतून आत जातो, रक्तात शोषला जातो, तिथे उष्णता होते आणि वाहिनीची भिंत भाजून बंद होते. मग शरीर ती हळूहळू शोषून घेतं. हे तत्त्व १९८३ साली रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी मांडलं. त्यात रंगाइतकीच महत्त्वाची आहे ती वेळ. उकळत्या पाण्यातून वाटाणा आणि बटाटा एकदम बाहेर काढले तर वाटाणा लगेच निवतो, बटाटा आतून बराच वेळ चटका देतो. रक्तवाहिन्यांचंही तसंच, आणि निवायला लागणारा वेळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ०.१ मिलिमीटरच्या वाहिनीला साधारण ५ मिलिसेकंद लागतात, ०.३ मिलिमीटरच्या वाहिनीला नऊपट, म्हणजे ४० ते ४५ मिलिसेकंद. पल्स, म्हणजे लेसरच्या प्रकाशाचा एक झोत, या वेळेपेक्षा फार लांब ठेवली तर उष्णता शेजारच्या त्वचेत पसरते. फार आखूड ठेवली तर वाहिनी भाजण्याऐवजी फुटते आणि निळी-जांभळी खूण उठते. पल्स्ड डाय लेसरमध्ये १.५ मिलिसेकंद किंवा त्याहून आखूड पल्सने अशी खूण हमखास पडते आणि जायला आठवडा ते दोन आठवडे घेते. ६ मिलिसेकंद आणि त्यापुढे ती सहसा पडत नाही, पण बैठका वाढतात. घरात लग्न असेल तर तारीख डॉक्टरांना आधी सांगावी.

नाकपुडीच्या कडेच्या खोबणीतल्या वाहिन्या सगळ्यांत हट्टी असतात. त्या जाड असतात, रक्ताचा जोर जास्त असतो, एकदा बंद झाल्या तरी पुन्हा उघडतात. इथे लांब पल्सचा केटीपी किंवा १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग कामी येतो. एनडी-याग खोलवर पोचतो, पण हिमोग्लोबिन तो कमी शोषतं, त्यामुळे ऊर्जा खूप जास्त द्यावी लागते. एकाच ठिकाणी दोनदा पल्स पडली की नाकपुडीवर कायमचा खड्डा राहू शकतो. नवशिक्या हातून होणारी ही नेहमीची चूक आहे. पल्स देताना डोळा वाहिनीवर हवा: ती क्षणभर गडद होते किंवा दिसेनाशी होते, तिथेच थांबायचं. भोवतालची त्वचा राखाडी-पांढरी पडली तर चटका बसला आहे, आणि लगेच थंडावा द्यावा लागतो.

एक बारकावा बरेचदा सुटतो. दुखू नये म्हणून नाकात ॲड्रेनॅलिन मिसळलेलं भुलीचं इंजेक्शन दिलं, तर वाहिन्या आकसतात आणि लेसरचं लक्ष्यच नाहीसं होतं. बधिर करणारी काही मलमंही त्वचा पांढरी पाडतात. म्हणून रक्तवाहिन्यांचा लेसर शक्यतो थंड हवा किंवा थंड काचेच्या टोकाच्या आधारानेच करतात. साधारण चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने तीन-चार बैठका लागतात. रोझेशिया मुळातून जात नाही. काही वर्षांनी नव्या वाहिन्या दिसू लागतात आणि एखादी बैठक पुन्हा घ्यावी लागते.

युरोपातल्या गोऱ्या त्वचेवर ठरवलेले आकडे आपल्याकडे जसेच्या तसे चालत नाहीत. हिरवा प्रकाश हिमोग्लोबिनइतकाच हौसेने मेलॅनिन हे त्वचेचं रंगद्रव्यही शोषतं, आणि सावळ्या त्वचेत मेलॅनिन वरच्याच थरात प्रकाशाची वाट अडवून बसलेलं असतं. परिणामी फोड, काळे डाग, कधी पांढरे डाग. म्हणून सावळ्या त्वचेवर केटीपी फार जपून, ऊर्जा कमी, पल्स लांब, थंडावा जास्त, आणि कानाजवळ किंवा जबड्याखाली दोन-तीन चाचणी पल्स देऊन काही आठवडे निकाल पाहून मगच पुढे जावं. सावळ्या त्वचेत लाली डोळ्यांना कमी दिसते, त्यामुळे निदानही उशिरा होतं. हा दोष पाहणाऱ्याच्या सवयीचा आहे, त्वचेचा नाही.

आपल्याकडे आणखी एक प्रश्न आहे, आणि त्याचा राग यायलाच हवा. गोरेपणासाठी किंवा मुरमांसाठी दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली स्टेरॉइडमिश्रित मलमं महिनोन् महिने लावल्याने हुबेहूब रोझेशियासारखा चेहरा होतो: पातळ त्वचा, लाल जाळं, आग, पुरळ. मलम बंद केलं की लाली आधी उसळते, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. अशा चेहऱ्यावर थेट लेसर मारणं म्हणजे जखमेवर जखम. आधी स्टेरॉइड डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुटलं पाहिजे. खऱ्या रोझेशियातही पुटकुळ्या आणि दाह असेल तर तो मेट्रोनिडॅझोल, आयव्हरमेक्टिन किंवा डॉक्सिसायक्लिनने आधी शांत करतात, लेसर नंतर.

आता जाडीकडे येऊ. इथे काम करतो तो कार्बन डायऑक्साइड लेसर, आणि त्याचा जनक जन्माने बारामतीचा आहे. कुमार पटेल यांचा जन्म १९३८ सालचा. अभियांत्रिकीची पदवी त्यांनी पुण्याच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयातून घेतली, पुढे ते स्टॅनफर्डला गेले आणि १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये त्यांनी हा लेसर साकारला. त्याची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर, डोळ्यांना न दिसणारी. हा प्रकाश रंग पाहत नाही, पाणी पाहतो. पेशींत बहुतांश पाणीच असल्याने किरण पडेल तिथली ऊती क्षणात वाफ होऊन उडते आणि जाताना साधारण अर्ध्या मिलिमीटरपर्यंतच्या रक्तवाहिन्या भाजून बंद करते. रक्ताने गच्च भरलेल्या नाकावर काम करताना समोर कोरडं, स्वच्छ दिसणं याचं मोल फार मोठं. २९४० नॅनोमीटरचा अर्बियम-याग लेसर पाण्यात याहून दहापट अधिक शोषला जातो, त्यामुळे तो नेमका सोलतो आणि शेजारी कमी भाजतो, पण म्हणूनच रक्तही कमी थांबवतो. मोठ्या गाठींना तो एकटा पुरत नाही.

किरण सुरू करण्याआधी एक काम चुकवू नये. ऱ्हायनोफायमाच्या गाठीत त्वचेचा कर्करोग, विशेषतः बेसल सेल कार्सिनोमा, लपलेला असू शकतो. वाफ झालेल्या ऊतीची तपासणी करता येत नाही. म्हणून गाठीचा तुकडा ब्लेडने किंवा किरणानेच कापून तपासणीला पाठवतात. एका बाजूलाच वाढ झाली असेल, न भरणारी जखम असेल किंवा गाठ अलीकडे भराभर वाढली असेल, तर बायॉप्सीचा अहवाल हातात येईपर्यंत लेसर करूच नये.

बहुतेकदा पूर्ण भूल लागत नाही. डोळ्याखालून येणाऱ्या, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याजवळच्या आणि नाकाच्या हाडाच्या कडेला बाहेर पडणाऱ्या नसांजवळ लिग्नोकेन टोचून नाक बधिर करतात. इथे ॲड्रेनॅलिन चालतं, रक्त कमी वाहतं म्हणून हवंच असतं. डोळ्यांवर धातूची कवचं, नाकपुड्यांत ओली गॉज, भोवती ओले टॉवेल. स्पिरिटने पुसलेली त्वचा किंवा नाकाला लावलेला ऑक्सिजन आणि हा किरण एकत्र आले तर आग लागते, म्हणून दोन्ही वर्ज्य. उठणाऱ्या धुरात जळकी कणं आणि विषाणूही असू शकतात. तो ओढणाऱ्या नळीचं तोंड जखमेपासून एक-दोन सेंटिमीटरवरच धरतात. याहून लांब धरली तर धूर खोलीत पसरतो.

मोठ्या गाठी किरण बारीक ठेवून कापून काढतात, मग किरण पसरवून थराथराने नाकाला आकार देतात. प्रत्येक फेरीनंतर काळी काजळी ओल्या गॉजने पुसावी लागते. ती राहिली तर पुढचा किरण पाण्याऐवजी कोळशावर पडतो, कोळसा तापतो आणि उष्णता खाली झिरपून व्रण होतो.

खरं कौशल्य आहे ते कुठे थांबायचं यात. नव्या त्वचेच्या पेशी येतात कुठून? कडेच्या त्वचेतून थोड्या, पण मुख्यतः केसांच्या मुळांच्या आणि तेलग्रंथींच्या तळाशी उरलेल्या अस्तरातून. ज्या ग्रंथींनी नाक वाढवलं, त्याच ते भरूनही काढतात. म्हणून त्या पूर्ण काढायच्या नसतात. काम करताना बोटाने हलकं दाबलं आणि मेदाचे पिवळट ठिपके वर आले, तर तळ अजून शिल्लक आहे. ठिपके येईनासे झाले की तिथून खाली जाणं म्हणजे कायमचा गुळगुळीत, चकाकणारा, पांढरट व्रण. नाकपुडीच्या कडेला त्वचा पातळ आणि कूर्चा जवळ, तिथे खोल गेलं तर कड वर ओढली जाऊन खाच पडते आणि ती दुरुस्त करणं अवघड असतं. उरलेली जाडी नंतर काढता येते, गेलेली त्वचा परत आणता येत नाही. आयसोट्रेटिनॉइन चालू असताना हा लेसर टाळण्याची आणि गोळी बंद करून साधारण सहा महिने थांबण्याची रीत याच विचारातून आली: आकसलेल्या ग्रंथींवर जखम भरायचा भरवसा कमी. रक्तवाहिन्यांच्या लेसरला ही अट लागत नाही.

नंतरचे दोन-तीन आठवडे कामाचे असतात. जखम ओलसर ठेवायची. दिवसातून काही वेळा मिठाच्या निर्जंतुक पाण्याने पुसून व्हॅसलिनचा जाड थर द्यायचा. ‘हवा लागू दे, खपली धरू दे’ हा सल्ला घरोघरी मिळतो आणि तो इथे घातक आहे, कारण खपलीखाली नवी त्वचा सरकू शकत नाही. ओठांवर नागीणसदृश फोड वारंवार येत असतील तर विषाणूविरोधी गोळी आधीच सुरू करतात. रक्त पातळ करणारी औषधं स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. चौथ्या-पाचव्या दिवशी दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, पू आला किंवा फोड उठले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवावं. त्वचा भरल्यावर गुलाबी रंग दोन-तीन महिने राहतो, तोवर टोपी आणि झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन रोज.

जाहिरातीतला ‘फ्रॅक्शनल सीओटू’ (सीओटू म्हणजे कार्बन डायऑक्साइड) हा प्रकार वेगळा आहे. तो त्वचेवर सूक्ष्म छिद्रं पाडतो, मधली त्वचा शाबूत ठेवतो. मोठी रंध्रं आणि किरकोळ खडबडीतपणा त्याने सुधारतो, गाठी जात नाहीत. उलट, विजेच्या तारेच्या फासाने गाठ छाटण्याची जुनी पद्धत अनुभवी हातात सीओटू लेसरइतकाच चांगला निकाल देते आणि स्वस्त पडते. जवळपास लेसर नसेल तर हळहळण्याचं कारण नाही. लेसर असलेल्या ठिकाणी विचारायचं ते यंत्राचं मॉडेल नव्हे. पूर्ण थर काढण्याचं काम हाच डॉक्टर करतो का, आपल्यासारख्या रंगाच्या त्वचेचे सहा महिन्यांनंतरचे फोटो आहेत का, तुकडा तपासणीला जाणार का, हे विचारावं.

लाली आणि जाडी दोन्ही असतील तर आधी जाडी काढतात. वरचा थर गेल्यावर खालच्या वाहिन्या नव्या, पातळ त्वचेतून अधिक उठून दिसतात, आणि गुलाबी रंग ओसरल्यावर, म्हणजे साधारण तीन महिन्यांनी, त्यातल्या कुठल्या खरंच उरल्या आहेत ते कळतं. पिवळ्या लेसरची पाळी तेव्हा येते.