ईपीसीची श्रेणी म्हणजे प्रत्यक्ष वापर? नाही

ब्रिटनमध्ये घराच्या ऊर्जा प्रमाणपत्रावरून, म्हणजे ईपीसीवरून, घरात किती इंधन जळतं ते कळतं, हा जुना समज चुकीचा आहे. श्रेणी मीटरवरून ठरतच नाही. बैठकीची खोली २१ अंशांवर, हीटिंग रोज ९ तास (जुन्या पद्धतीत शनिवार-रविवारी १६ तास), असं धरून हिशेब होतो. पैशांअभावी एकच खोली तापवणारी आजी त्यात कुठे दिसणार?

थंडीत गारठणारी अशी घरं मदतीसाठी शोधताना एका पत्त्याची अनेक प्रमाणपत्रं असतील तर सर्वांत ताजं घ्या. मुदत १० वर्षं असल्याने बदललेला बॉयलर त्यात नसू शकतो. मग घरच्यांच्या संमतीने मीटरचं रीडिंग ताडून पाहा. श्रेणी एफ (ए ते जी यांपैकी शेवटून दुसरी) आणि घरात माणसं राहत असूनही वापर अगदी कमी, तर माणसं बहुधा गारठतायत. तिथे आधी जा. वर्षानुवर्षं न विकलेल्या, भाड्याने न दिलेल्या घरांना बहुतेकदा प्रमाणपत्रच नसतं. अशी घरं वेगळी शोधावी लागतात.