सापडलेल्या पोथीचं पुढे काय होतं?

हरवलेल्या पोथीच्या शोधावरची कादंबरी बहुधा ठरलेल्या जागी संपते. भुयार, मशाल, दगडी पेटी. नायक झाकण सरकवतो, पोथी उलगडतो आणि दोन हजार वर्षांपूर्वीचा मजकूर घडाघडा वाचून दाखवतो. तोवर खलनायक मागून येऊन उभा राहिलेलाच असतो. असल्या कादंबऱ्या मी आवडीनं वाचतो, आणि त्यातल्या भुयारांवर माझा मुळीच आक्षेप नाही, कारण तसल्या जागी पोथ्या खरोखरच सापडल्या आहेत. पटत नाही ते पुढचं. पोथी इतक्या सहज उलगडत नाही, वाचता येत नाही आणि मुख्य म्हणजे ती खरी आहे की कुणी परवा बसून लिहिली आहे, हे तिच्याकडे पाहून कळत नाही. खरं रहस्य तिथून सुरू होतं.

हॅमिल्टन बावरचंच उदाहरण घ्या. या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याला एका खुन्याचा माग काढायला मध्य आशियात पाठवलं होतं. काराकोरम खिंडीजवळ एका स्कॉटिश व्यापाऱ्याचा खून झाला होता. १८९० साली, आजच्या चीनमधल्या शिनच्यांग प्रांतातल्या कुचा इथं, एका स्थानिक माणसानं त्याला भूर्जपत्रांवरची एक जुनी पोथी विकली. पानं ५१. पोथी कलकत्त्याला पोचली आणि रुडॉल्फ हर्नले या संस्कृत पंडितानं ती वाचली. लिपी गुप्तकालीन ब्राह्मी, भाषा संस्कृत, मजकुराचा मोठा भाग वैद्यकाचा, आणि सुरुवातीलाच लसणाचे गुणधर्म! खुनी पुढे समरकंदमध्ये पकडला गेला, पण इतिहासात नाव राहिलं ते पोथीचं. 'बावर हस्तलिखित' सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचं मानलं जातं.

इतकी वर्षं ते टिकलं कसं, याचं उत्तर अर्धं हवामानात आणि अर्धं झाडाच्या सालीत आहे. बुरशी आणि कीटकांना ओलावा लागतो. कुचाजवळच्या तक्लामकान वाळवंटाच्या कडेला तो जवळपास नसतोच. शिवाय भूर्जाच्या सालीत बेट्युलिन नावाचं द्रव्य असतं. ते पाणी धरू देत नाही आणि बुरशीलाही रोखतं. दमट प्रदेशांत ताडपत्रावरच्या पोथ्या दर काही पिढ्यांनी नव्यानं उतरवून घ्याव्या लागत, त्यामुळे तिथं ग्रंथ जुना असला तरी हाती येणारी प्रत बरीच अलीकडची असते.

बावरच्या पोथीचा बोलबाला झाला आणि त्याच भागातल्या काशगर शहरात जुन्या पोथ्यांना गिऱ्हाईक तयार झालं. एकीकडे ब्रिटिश प्रतिनिधी जॉर्ज मकार्टनी, दुसरीकडे रशियन वाणिज्यदूत निकोलाय पेत्रोव्स्की. दोघंही विकत घेतात म्हटल्यावर माल येऊ लागला. आणि मालाबरोबर अज्ञात लिपीही येऊ लागल्या. ब्राह्मी नव्हे, चिनी नव्हे, कुठल्याच माहीत असलेल्या लिपीशी न जुळणाऱ्या. हर्नले त्यांच्यामागे वर्षानुवर्षं डोकं फोडत बसला. १८९९ मध्ये त्यानं या संग्रहाचा जो अहवाल छापला, त्यात या अज्ञात लिप्यांची छायाचित्रंही होती.

या पोथ्यांपैकी बऱ्याच खोतानच्या इस्लाम अखून नावाच्या माणसाकडून आल्या होत्या. ऑरेल स्टाइन या पुरातत्त्वज्ञाला त्याच्याबद्दल संशय होता, आणि त्यामागचं कारण शास्त्रशुद्ध होतं. १९००-०१ च्या हिवाळ्यात स्टाइननं दंदान-ओइलिक आणि इतर ठिकाणी स्वतः खोदकाम केलं. त्याला संस्कृत, चिनी, तिबेटी अशी लिखाणं मिळाली, पण ती अज्ञात लिपी एका चिटोऱ्यावरही दिसली नाही. अखून म्हणत होता की अशा पोथ्या वाळवंटात ठिकठिकाणी आहेत, मग खोदणाऱ्याला एकही कशी सापडत नाही? एप्रिल १९०१ मध्ये स्टाइननं त्याला गाठून उलटतपासणी सुरू केली. अखूननं आधी कानांवर हात ठेवले. पण पोथ्या कुठं कुठं मिळाल्या याबद्दल त्यानं पूर्वी सांगितलेल्या कहाण्या अहवालात छापलेल्याच होत्या. त्या समोर ठेवल्यावर त्याचं अवसान गळालं.

मग त्यानं सगळी रीत सांगितली. सुरुवातीला तो खऱ्या चिटोऱ्यांवरची ब्राह्मी अक्षरं पाहून काढायचा. पण घेणाऱ्या साहेबांना तीही वाचता येत नाहीत, हे लक्षात आल्यावर एवढी मेहनत कशाला? मनाला येईल ती अक्षरं तो काढू लागला. मागणी आणखी वाढली तेव्हा हातानं लिहिणंही सोडून दिलं आणि लाकडी ठसे कोरून पानंच्या पानं छापायला सुरुवात केली. कागद खोतानमधलाच. तो वाळवंटी पॉपलर झाडाच्या द्रव्यानं पिवळट-तपकिरी रंगवायचा, चुलीवर टांगून धुरानं जुनाट करायचा, वेडावाकडा शिवायचा आणि शेवटी पानांमध्ये वाळवंटातली बारीक वाळू भुरभुरवायची. वाळूमुळे पोथी ढिगाऱ्यातून काढल्यासारखी दिसे. आपल्या कलाकृती छापील अहवालात बघून त्याला कौतुक वाटल्याचंही स्टाइननं लिहून ठेवलं आहे. मला विचाराल तर कुठल्याही कादंबरीतल्या बंदूकधारी खलनायकापेक्षा हा गृहस्थ जास्त रंगतदार आहे.

पुरातत्त्वज्ञ बाजारातून आलेल्या वस्तूला नाक का मुरडतात, हेही इथं कळतं. कुठल्या थरातून, कशाच्या शेजारून वस्तू निघाली, याची नोंद हाच तिचा पहिला दाखला. पेटी उचलून पळणारा नायक नेमका तोच मागे टाकून येतो.

आज अखूनचा कागद प्रयोगशाळेत गेला असता तर? बहुतेक पकडला गेला असता, पण प्रयोगशाळेलाही मर्यादा आहेत. कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनचं अर्धायुष्य ५,७३० वर्षं. झाड किंवा प्राणी जिवंत असेपर्यंत तो शरीरात भरत राहतो, मेल्यावर घटत जातो. उरलेलं प्रमाण मोजलं की वय निघतं, आणि हल्ली त्यासाठी काही मिलिग्रॅम नमुना पुरतो. पण हे वय असतं सालीचं, कातड्याचं किंवा पपायरसचं, म्हणजे इजिप्तमधल्या लव्हाळ्यापासून केलेल्या प्राचीन कागदाचं. त्यावर कधी लिहिलं, हे कार्बन सांगत नाही.

या फटीतून २०१२ मध्ये एक प्रकरण आत शिरलं. येशूच्या तोंडी 'माझी पत्नी' असे शब्द असलेला कॉप्टिक या जुन्या इजिप्ती भाषेतला पपायरसचा छोटा तुकडा हार्वर्ड विद्यापीठाच्या एका प्राध्यापिकेनं जाहीर केला. तपासण्या झाल्या. पपायरस बाराशे-तेराशे वर्षांपूर्वीचा निघाला. शाईही काजळीची, म्हणजे प्राचीन पद्धतीची. सगळं ठीक वाटावं असंच. पण काजळी आणि डिंकाची शाई आजही कुणालाही घरी करता येते आणि जुन्या पपायरसचे कोरे तुकडे मिळतात. बिंग फोडलं ते व्याकरणानं. तुकड्यातली वाक्यं 'थॉमसचं शुभवर्तमान' या प्राचीन ख्रिस्ती ग्रंथातून उचललेली होती, आणि त्या ग्रंथाच्या इंटरनेटवरच्या एका आवृत्तीत टंकलेखनाची जी चूक होती, तीही इथं जशीच्या तशी उतरली होती! २०१६ मध्ये तुकड्याच्या मालकाची कहाणी एका पत्रकारानं खणून काढल्यावर त्या प्राध्यापिकेनंही तो बहुधा बनावट असल्याचं मान्य केलं.

पोथी खरी असली तरी वयाचा घोळ असतोच. पेशावरजवळ बख्शाली गावात १८८१ मध्ये एका शेतकऱ्याला मिळालेली गणिताची भूर्जपत्री पोथी ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. शून्यासाठी तिच्यात ठिपका वापरलेला आहे, म्हणून तिचं वय महत्त्वाचं. २०१७ मध्ये तीन पानांची कार्बन-तपासणी झाली आणि तीन वेगवेगळी शतकं निघाली. सर्वांत जुनं पान इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकातलं. लगेच 'शून्य पाचशे वर्षांनी जुनं' अशा बातम्या झळकल्या. गणिताच्या इतिहासकारांनी तेव्हाच हरकत घेतली, कारण लिपी आणि मांडणी पाहता पोथी सलग एकाच काळात लिहिलेली दिसते. २०२४ मध्ये नव्यानं झालेल्या तपासणीत काळ आला इसवी सन ७९९ ते ११०२. या दुरुस्तीला पहिल्या बातमीच्या एक शतांशही प्रसिद्धी मिळाली नाही.

आता वाचण्याचं. आर्किमिडीजच्या ग्रंथांची दहाव्या शतकातली एक प्रत १२२९ मध्ये कुणीतरी खरवडली आणि त्याच कातडी पानांवर प्रार्थना लिहिल्या. चर्मपत्र महाग होतं, त्या काळी हे सर्रास चाले. पुढे विसाव्या शतकात कुणीतरी काही पानांवर सोनेरी चित्रंही रंगवली. १९९८ मध्ये लिलावात ही पोथी २० लाख डॉलरना गेली. वेगवेगळ्या तरंगलांबीच्या प्रकाशात छायाचित्रं घेतल्यावर खालची बरीचशी अक्षरं दिसू लागली, पण चित्रांखालची नाही. तिथं कॅलिफोर्नियातल्या सिंक्रोट्रॉन या प्रचंड कण-त्वरक यंत्राच्या क्ष-किरणांनी काम केलं. जुन्या शाईत लोह होतं; क्ष-किरण पडले की लोहाचे अणू आपली खास ऊर्जा बाहेर टाकतात. पानावर लोह कुठं आहे याचा नकाशा काढला आणि सोन्याखालचा आर्किमिडीज वाचता आला.

शाईत लोहच नसेल तर? इटलीतल्या हर्क्युलेनियमची अडचण नेमकी ही आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीनं हे गाव गाडलं. १७५२ पासून तिथल्या एका हवेलीतून पपायरसच्या गुंडाळ्या आणि तुकडे निघाले, एकूण सुमारे १,८००. सगळा कोळसा. ज्या गुंडाळ्या सुरीनं कापल्या त्यांचा चुरा झाला. मग अंतोनिओ पियाज्जो या पाद्र्यानं एक यंत्र बनवलं. गुंडाळीला बाहेरून प्राण्याच्या आतड्याचा पातळ पापुद्रा चिकटवायचा, त्याला रेशमी दोरे बांधायचे आणि केसागणिक सोडवत जायचं. वर्षानुवर्षं हे चाललं. तरी शेकडो गुंडाळ्या बंदच राहिल्या.

न उघडता वाचण्याची वाट केंटकी विद्यापीठाच्या ब्रेंट सील्स यांनी दाखवली. १९७० मध्ये इस्राएलमधल्या एन-गेदी इथं सापडलेली एक जळकी गुंडाळी क्ष-किरणांनी त्रिमितीत टिपून, संगणकावर तिचे वेढे सुटे करून त्यांनी २०१६ मध्ये वाचली. बायबलमधल्या लेवीय या ग्रंथाचा आरंभ निघाला. पण हर्क्युलेनियममध्ये कागद कोळशाचा आणि शाई काजळीची. दोन्ही कार्बन, घनता जवळपास सारखी, त्यामुळे क्ष-किरणांना फरकच दिसत नव्हता.

२०२३ मध्ये सील्स आणि काही उद्योजकांनी क्ष-किरणांची सगळी माहिती खुली करून बक्षिसं लावली. केसी हँडमर या भौतिकशास्त्रज्ञानं त्या करड्या चित्रांकडे नुसत्या डोळ्यांनी तास-तास बघत एक गोष्ट हेरली. जिथं शाई असावी, तिथला पृष्ठभाग वाळलेल्या चिखलासारखा बारीक तडकलेला होता. मग ते तडे दाखवून संगणकाला शाई ओळखायला शिकवण्यात आलं. ल्यूक फॅरिटर या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याला पहिला पूर्ण शब्द मिळाला: 'पोर्फिरास', म्हणजे जांभळा. फेब्रुवारी २०२४ मध्ये युसुफ नादर, फॅरिटर आणि युलियान शिलिगर या तिघांना ७ लाख डॉलरचं बक्षीस मिळालं. १५ रकान्यांतली दोन हजारांहून जास्त अक्षरं उलगडली होती. मजकूर सुखाविषयीचा, बहुधा फिलोडेमस या एपिक्युरसपंथी तत्त्वज्ञाचा.

इथं इस्लाम अखूनचं भूत पुन्हा उभं राहतं. संगणकानं स्वतःच अक्षरं रचली नसतील कशावरून? यावर केलेली तजवीज मला फार आवडली. संगणकाला ग्रीक शिकवलंच नाही. शिवाय एका वेळी त्याला इतका लहान चौकोन दाखवला की पूर्ण अक्षर त्यात मावूच नये. इथं शाई आहे की नाही, एवढंच त्यानं सांगायचं. अक्षरांची कल्पनाच नसलेला वाचक खोटं अक्षर रचणार कसं? शिवाय निष्कर्ष पपायरसतज्ज्ञांनी वेगळे तपासले. २०२५ मध्ये ऑक्सफर्डमधल्या एका बंद गुंडाळीच्या अगदी आतल्या टोकाला, जिथं ग्रीक पुस्तकांचं नाव लिहीत, तिथं नाव मिळालं: फिलोडेमस, 'दुर्गुणांविषयी'.

या हवेलीचा बराच भाग अजून जमिनीखाली आहे आणि वर आजचं एर्कोलानो शहर वसलंय. आतापर्यंतच्या गुंडाळ्या बहुतांश ग्रीक आहेत, तेव्हा श्रीमंत रोमन घरात लॅटिन ग्रंथांची वेगळी खोली असणारच, असं काही अभ्यासक म्हणतात आणि लगेच खणा म्हणतात. दुसरे म्हणतात, आधी हातात आहेत त्या वाचा. गाडलेल्या गुंडाळ्या जमिनीखाली सुखरूप आहेत, बाहेर काढल्या की हवा आणि ओलावा लागणार. कादंबरीकार पहिल्या गटाची बाजू घेईल. शेकडो बंद गुंडाळ्या वाट पाहत असताना मी तरी दुसऱ्यांच्या बाजूनं आहे, निदान एक अख्खी गुंडाळी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून होईपर्यंत.