एक कुरण, चार पोटं

एका कुंपणात चार जनावरं चरत आहेत. एक ठेंगणं, गोल पोटाचं तट्टू. एक उंच, सडपातळ घोडा, कितीही खाल्लं तरी ज्याच्या बरगड्या झाकत नाहीत असा. एक घोडी, तिच्या अंगाला लागून महिन्याभराचं शिंगरू. आणि पंचविशी ओलांडलेला, पाठ खचलेला म्हातारा. गवत वीतभर वाढलंय, कोवळं आहे, चौघांच्या माना खाली आहेत. घोडीचं या गवतावर जेमतेम भागतंय, म्हातारा अर्धपोटी आहे आणि तट्टू आजारपणाच्या वाटेला लागलंय. गवत मात्र सगळ्यांसाठी तेच.

घोडे पाळणाऱ्या बहुतेकांना हा पेच कधी ना कधी पडतो. जागा एकच असते आणि घोडा कळपात जगणारं जनावर, त्यामुळे चौघांना चार ठिकाणी कोंडून ठेवणंही बरं नाही. मग प्रत्येकाला त्याच्या गरजेपुरतं मिळणार कसं?

आधी घोड्याच्या पोटात डोकावू. त्याचं जठर देहाच्या मानाने लहान, ८ ते १५ लिटरचं. थोडं थोडं आणि जवळपास सतत खाण्यासाठीच ते बनलंय. मोकळा सोडलेला घोडा दिवसातले बारा-सोळा तास चरतो आणि जठरातलं आम्ल तो खात असो वा नसो, चोवीस तास पाझरत राहतं. चाऱ्यातल्या तंतूंचं खरं पचन पुढे, आंधळ्या आतड्यात आणि मोठ्या आतड्यात होतं. तिथले असंख्य सूक्ष्मजीव तंतू आंबवतात आणि त्यातून सुटणाऱ्या मेदाम्लांवर घोड्याचा बराचसा निर्वाह चालतो. या रचनेमुळे पाळणाऱ्याचे हात दोन बाजूंनी बांधले जातात. घोड्याला तासन्‌तास उपाशी ठेवता येत नाही, कारण रिकाम्या जठरात आम्ल साचून व्रण होतात. आणि त्याचा चारा एका दिवसात बदलता येत नाही, कारण सूक्ष्मजीवांच्या वस्तीला नव्या अन्नाशी जुळवून घ्यायला दहा-पंधरा दिवस लागतात.

आता गरजा पाहा. ५०० किलोच्या, काम नसलेल्या घोड्याला दिवसाला साधारण १६ ते १७ मेगाकॅलरी ऊर्जा पुरते. त्याच वजनाची घोडी व्याल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात रोज पंधरा लिटरच्या आसपास दूध देते आणि तिची गरज ३१-३२ मेगाकॅलरींवर जाते. म्हणजे जवळजवळ दुप्पट. २०० किलोच्या तट्टाला मात्र ७ मेगाकॅलरींच्या आतच भागतं. शिवाय तट्टांच्या बऱ्याच जाती खडकाळ, थंड, तुटपुंज्या गवताच्या प्रदेशांत घडल्या. मिळेल तो घास अंगी लावायचा आणि पुढच्या कठीण ऋतूसाठी चरबी साठवायची, ही त्यांच्या शरीराची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. हिरव्यागार कुरणात तो कठीण ऋतू येतच नाही. चरबी साठत जाते, उतरत कधीच नाही.

यावर पहिला सुचणारा उपाय म्हणजे तट्टाला दिवसातून थोडाच वेळ सोडायचं. पण चाचण्यांमध्ये असं दिसलंय की फक्त तीन तास सोडलेली तट्टं तेवढ्यात आपल्या वजनाच्या सुमारे १ टक्का कोरडा चारा पोटात घालू शकतात. २०० किलोच्या तट्टासाठी तो झाला २ किलो. कोवळ्या गवतात चार-पंचमांश पाणीच असतं, म्हणजे ताजं गवत जवळपास दहा किलो! त्याची दिवसाची गरज ३ ते ४ किलो कोरड्या चाऱ्याची. वेळ कमी आहे हे काही दिवसांत तट्टाच्या ध्यानात येतं आणि ते खाण्याचा वेग वाढवतं. घड्याळ लावून चराई हा उपाय म्हणूनच एकट्याने पुरा पडत नाही.

तट्टाला जपायचं ते केवळ लठ्ठपणासाठी नव्हे, खुरांसाठी. घोड्याचं अख्खं वजन खुराच्या कवचाच्या आत एका पायहाडावर येतं आणि ते हाड कवचाला आतून टांगलेलं असतं. टांगायला असतात नाजूक पापुद्रे: एका खुरात ५५० ते ६०० मुख्य पापुद्रे आणि त्या प्रत्येकाला दीड-दोनशे उपपापुद्रे, एकमेकांत बोटं गुंफावीत तसे गुंफलेले. हे पापुद्रे ताणले, सुटू लागले की त्या आजाराला लॅमिनायटिस म्हणतात. हाड फिरतं किंवा खाली खचतं. वेदना इतकी, की जनावर पुढच्या पायांवरचा भार काढायला मागे रेलून उभं राहतं. हे एकदा पाहिलं की विसरता येत नाही.

खूप वर्षं याचा दोष फक्त आतड्यातल्या आंबण्यावर टाकला जायचा. जनावर चंदीच्या, म्हणजे धान्याच्या खुराकाच्या पोत्यापाशी सुटलं आणि मनमुराद खाऊन बसलं, तर त्या वाटेनेही हा आजार होतो. पण कुरणावर होणाऱ्या लॅमिनायटिसची मोठी वाट वेगळी निघाली. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी निरोगी तट्टांच्या रक्तात इन्शुलिनची पातळी मुद्दाम उंच ठेवली, रक्तातली साखर मात्र नेहमीसारखीच राखली. तीन दिवसांच्या आत त्या तट्टांना लॅमिनायटिस झाला. ना आतड्यात बिघाड, ना वाढलेली साखर, निव्वळ इन्शुलिन. गोड गवत खाल्ल्यावर ज्यांचं इन्शुलिन प्रमाणाबाहेर उसळतं, अशी जनावरं कळपात वेगळी ओळखता यायला हवीत ती यासाठी. मानेच्या वरच्या काठावर, आयाळीच्या मुळाशी साचलेली घट्ट चरबी ही त्यांची एक खूण. शेपटीच्या बुडाशी आलेले चरबीचे गोळे ही दुसरी. खात्री मात्र पशुवैद्यकाने केलेल्या रक्ततपासणीतूनच होते.

गवत गोड होतं कधी, हा भाग मला सगळ्यात मोहक वाटतो. पान दिवसभर उन्हात साखर तयार करतं आणि रात्री ती वाढीसाठी खर्च करतं. त्यामुळे पहाटे साखर सगळ्यात कमी आणि दुपार कलताना सगळ्यात जास्त. जपायच्या जनावराला पहाटेपासून सकाळ चढेपर्यंत चरू द्यावं, दुपारनंतर आत घ्यावं, हा साधा नियम यातून निघतो. पण त्याला अपवाद आहे. रात्रीचं तापमान ५ अंशांच्या खाली गेलं की गवताची वाढ थांबते, साखर खर्च होत नाही आणि दहिवर पडलेल्या सकाळी ते गवत आदल्या संध्याकाळइतकंच गोड असतं. त्यावर लख्ख ऊन पडलं तर साखर आणखी चढते.

गवताच्या जातीनेही फरक पडतो. रायग्रास, टिमोथी, फेस्क्यू ही थंड हवेची गवतं जादा साखर फ्रुक्टानच्या, म्हणजे साखरेच्या जोडलेल्या साखळ्यांच्या रूपात साठवतात, तीही विशेषकरून खोडाच्या बुडाशी, आणि या साठ्याला वरची अशी मर्यादा नसते. हरळीसारखी उष्ण हवेची गवतं पानांत स्टार्च साठवतात, आणि तो एका पातळीला जाऊन थांबतो. आता एक गैरसमज इथेच दूर करतो. ‘कुरण अगदी खुरटं झालंय, आता जाड्या तट्टाला सोडायला हरकत नाही,’ असं पुष्कळजण समजतात. घोड्याला वर-खाली दोन्हीकडे पुढचे दात असतात आणि ओठ बोटांसारखे चालतात. गाय जिथे जीभ फिरवून हताश होते तिथे घोडा गवत मुळापर्यंत कापतो. थंड हवेच्या गवताचा गोड साठा बुडाशीच असतो, म्हणजे खुरट्या कुरणात तट्टू नेमकं तेच खातं. त्याच्यासोबत मातीही गिळतं.

आता मुख्य मुद्दा. माझं ठाम मत असं आहे की सामाईक कुरणाचं माप कळपातल्या सगळ्यात नाजूक जनावराला लावून ठरवावं आणि बाकीच्यांना वरून द्यावं. बारीक घोड्याच्या पोटात दोन घास जादा घालता येतात, पण तट्टाने खाल्लेले दोन घास परत काढता येत नाहीत. बरेचजण नेमकं उलट करतात. घोडीसाठी सकस कुरण राखायचं आणि तट्टाकडे ‘बघू पुढे’ म्हणून काणाडोळा करायचा.

तट्टाला कळपात ठेवूनच आवरण्याचं सगळ्यात उपयोगी साधन म्हणजे जाळीदार मुसकं. बुडाशी एक छोटं भोक असतं, त्यातून गवताची मोजकी पाती आत येतात, पाणीही पिता येतं. ठरावीक वेळाच्या चाचण्यांत यामुळे तट्टांचं खाणं ८० टक्क्यांपर्यंत घटलेलं दिसलंय. रोजच्या वापरात घट कमी-जास्त होते, कारण हुशार तट्टं तंत्र शिकतात. मुसकं अर्ध्या दिवसापेक्षा जास्त ठेवू नये, नाकपुड्यांपाशी मोकळी जागा हवी, कातडी घासली जाते का ते रोज पाहायला हवं. आणि ते काढल्यावर लगेच मोकळ्या कुरणात सोडू नये, नाहीतर तीन तासांची ती गोष्ट पुन्हा घडते.

जागा बऱ्यापैकी असेल तर मला त्याहून आवडणारी रचना दोन कुंपणांची आहे. कुरणाच्या कडेकडेने आतून विजेच्या पट्टीचं दुसरं कुंपण घालायचं, म्हणजे काही मीटर रुंदीची वर्तुळाकार गल्ली तयार होते. तट्टू आणि बाकीचे सहज अंग धरणारे घोडे त्या गल्लीत राहतात. एका टोकाला वाळली वैरण, दुसऱ्या टोकाला पाणी, त्यामुळे दिवसभर चालणं होतं. मधलं राखलेलं गवत घोडीला आणि सडपातळ घोड्याला मिळतं. कुंपणावरून एकमेकांची मान खाजवता येते, हेही महत्त्वाचं. शक्य असेल तर गल्लीत किमान दोघे ठेवावेत.

मधलं कुरणही तुकड्यांत चारावं. गवत पंधरा-वीस सेंटिमीटर झालं की घोडी आत, आठ-दहावर आलं की पुढच्या तुकड्यात, आणि चारलेल्या तुकड्याला तीन-चार आठवडे विसावा. एक धोका मात्र लक्षात असू द्या. उंच फेस्क्यू गवताच्या बऱ्याच वाणांत एक बुरशी वस्तीला असते. गाभण घोडीने ते गवत शेवटच्या दोन-तीन महिन्यांत खाल्लं तर दिवस भरूनही वीण लांबते, वार जाड होते आणि कासेत दूध उतरत नाही. साधारण अकरा महिन्यांच्या गर्भावस्थेतला हा शेवटचा टप्पा तिने दुसऱ्या कुरणात काढावा.

वरून द्यायचं कसं, यात भांडणं होतात. कळपात मानाची उतरंड असते आणि वरचढ घोडा खालच्याची गव्हाण बळकावतो. वैरण टाकायची तर घोड्यांपेक्षा एक ढीग जास्त आणि ढिगांत भरपूर अंतर. चंदीसाठी जुना तोबराच उत्तम. ज्याच्या तोंडाला तोबरा, घास त्याचाच. खाणं संपताच तो उतरवायचा, कारण तोबरा बांधून घोड्याला पाणी पिता येत नाही. शिंगरासाठी लोक आडव्या दांड्याखालून जाता येईल असा कोपरा करतात. कळपात ठेंगणं तट्टू असेल तर त्या कोपऱ्यात पहिलं तेच शिरतं!

म्हाताऱ्याचं प्रकरण सगळ्यात नाजूक. घोड्याचे दात आयुष्यभर वर्षाला दोन-तीन मिलिमीटर वर सरकत आणि झिजत राहतात. म्हातारपणी ते संपतात. मग घोडा गवत चघळतो आणि ओले गोळे करून टाकून देतो. समोर वीतभर गवत असून तो उपाशी राहतो. त्याला भिजवून मऊ केलेला बारीक चारा लागतो, आणि तो सावकाश खातो म्हणून वेगळ्या जागी, घाई न करता. बरगड्या दिसतात म्हणून त्याला धान्य वाढवण्याची चूक करू नये. पंधरा वर्षांपुढच्या घोड्यांत मेंदूच्या बुडाशी असलेल्या ग्रंथीचा एक विकार पुष्कळ आढळतो. अंगावर लांब, न झडणारे केस ही त्याची ठळक खूण. अशा घोड्याचं अंग सुकलेलं असतं आणि तरीही त्याचं इन्शुलिन तट्टासारखं उसळू शकतं. त्याची भर मळी न घातलेल्या बीटाच्या चोथ्याने आणि थोड्या तेलाने करावी.

तट्टाची वैरण निम्म्यावर आणून ‘बारीक करतोय’ म्हणणाऱ्यांनाही थांबवावंसं वाटतं. उपाशी तट्टाच्या रक्तात मेद भरमसाट उतरून जीव जाऊ शकतो. वजनाच्या दीड टक्का कोरडी वैरण त्याला रोज मिळायलाच हवी, फक्त ती कमी साखरेची. वैरण तासभर पाण्यात बुडवली की काही साखर विरघळून जाते. ते पाणी फेकून द्यावं. क्षारही थोडे निघून जातात, तेवढे वेगळे द्यावेत.

हे सगळं जमतंय की नाही, ते डोळ्यांना रोज पाहून कळत नाही. हात आणि टेप लागतो. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. प्रौढ घोड्याचं वजन किलोमध्ये बऱ्यापैकी जवळ येतं. दर पंधरवड्याला मोजलं की आकडा बोलू लागतो. जोडीला १९८३ पासून वापरात असलेलं १ ते ९ अंकांचं शरीरस्थितीचं माप: खरारा करताना बरगड्यांवरून हात फिरवावा, त्या दिसू नयेत पण बोटांना सहज लागाव्यात. तो झाला ५.

आणि रोज सकाळी तट्टाच्या घोट्याच्या मागे, दोन्ही बाजूंना बोट ठेवून नाडी पाहावी. निरोगी पायात ती जेमतेम सापडते. ती ठणठण उडत असेल, खूर गरम लागत असेल, वळताना पाऊल आखूड पडत असेल, तर त्याला तत्काळ गवतावरून काढावं, जाड मऊ अंथरुणावर ठेवावं आणि पशुवैद्यकाला बोलवावं. बळेच चालवू नये. त्याच्या शेजारी, कुंपणापलीकडे का होईना, नेहमीचा सोबती बांधावा. एकटं पडलेलं तट्टू कळप शोधत कुंपणाकडेने येरझाऱ्या घालतं, आणि त्या प्रत्येक फेरीत खुरातले पापुद्रे थोडे अधिक सुटत जातात.