पद्मिनीचा पत्रा कुठून सडतो?

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनलेली ही गाडी मुळात फियाट ११०० डी. १९७४ मध्ये तिचं नाव ‘प्रीमियर पद्मिनी’ झालं. इंजिन १०८९ सीसीचं, इतकं साधं की गल्लीतला मेकॅनिकही खोलून जोडेल. टॅक्सी गेल्या तरी खासगी पद्मिनी अजून बऱ्याच घरी आहेत आणि हौशी मंडळी त्या स्वतः दुरुस्त करून रंगवतात. त्यांतल्या पुष्कळ जणांची घाई रंगाची असते. गाडीचं आयुष्य मात्र रंगाच्या खाली ठरतं.

लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात हे शाळेत शिकवतात. पण जिथे ऑक्सिजन कमी, तिथलाच पत्रा आधी खाल्ला जातो, हे सहसा कोणी सांगत नाही. केंब्रिजचे रसायनशास्त्रज्ञ युलिक इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात हे मिठाच्या पाण्याच्या एका थेंबावर दाखवलं. थेंबाच्या कडेला हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो, मध्यभागी पोचत नाही. या फरकामुळे थेंबातच एक छोटी विद्युतघट तयार होते. मधलं लोखंड विरघळतं, त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन धातूतून कडेकडे जातात आणि तिथे ऑक्सिजन ते घेतो. इव्हान्स यांनी थेंबात सूचक रसायनं घातली होती. त्यामुळे लोखंड विरघळतं तो मधला भाग निळा आणि कड गुलाबी दिसत असे. तांबूस गंज साठतो तो या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात.

आता पद्मिनीकडे बघा. दारांखालची पोकळ पट्टी, म्हणजे सिल. दाराचा तळ, जिथे पाणी जायची भोकं मातीने बुजतात. मडगार्डच्या आतला चिखल. कार्पेटखालचा ओला पत्रा. सगळ्या कोंदट जागा. त्यात कोकणातली खारी हवा आली की पाण्यातून वीज आणखी सहज वाहते. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो, म्हणून वरचा रंग फुगतो. फोड दिसेपर्यंत आतलं बरंच काम झालेलं असतं.

या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही. बॉडीच सगळा भार पेलते आणि सिल त्या रचनेचा कणा आहे. म्हणून सडलेले सिल बदलताना दोन्ही बाजूंचे एकदम कापू नयेत. आधी दाराच्या चौकटीत आडव्या सळ्या टाकून घ्याव्यात, नाहीतर बॉडी वाकते आणि दारं पुन्हा नीट बसत नाहीत. वेल्डिंगआधी बॅटरी सोडवायची आणि पेट्रोलची टाकी उतरवायची, यात तडजोड नको.

जुन्या दुरुस्त्या शोधायला फडक्यात गुंडाळलेलं चुंबक पुरतं. ते ज्या जागी ढिलं पडतं तिथे खाली लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, जाड थर आहे. लांबी ही पॉलिएस्टर रेझिन आणि टाल्क या मऊ खनिज भुकटीची असते आणि टाल्कमुळे ती ओल धरते. गंजावर भरलेली किंवा प्रायमरविना, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थराविना, पावसाळ्यात उघडी राहिलेली लांबी पत्र्याला ओलीच ठेवते. माझ्या मते उघडी लांबी पाण्याने घासूच नये. कोरड्या पॉलिश पेपरने घासा, पण मास्क लावून. जुना रंग मात्र ओलाच घासा, कारण त्यात शिसं असू शकतं आणि ती धूळ उडता कामा नये.

स्वच्छ झालेल्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर लगेच मारावा. दमट दिवसात उघडा पत्रा रात्रीत तांबूस होतो.

जुना रंग नायट्रोसेल्युलोजचा, म्हणजे गॅरेजवाले ज्याला एनसी म्हणतात तो, असेल तर थिनरच्या फडक्याला तो लागतो. त्याच जातीचा नवा रंग मारणार असाल तर दिवस निवडून मारा. थिनर उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे २६ अंशांवर असतो. पत्रा चारच अंश थंड झाला की हवेतलं पाणी ओल्या रंगावर बसतं आणि रंगावर दुधाळ पांढरी झाक येते. म्हणून हे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेतलं.

टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायच्या, पॉलियुरेथेन रंगाची चमक आणि टिकाऊपणा दोन्ही जास्त, यात वाद नाही. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांनी दमा जडतो आणि एकदा शरीर संवेदनशील झालं की पुढे अगदी थोड्या वाफेनेही त्रास होतो. साधा मास्क त्यांना रोखत नाही. हा स्प्रे घरात मारू नये. पत्र्याचं काम घरी करून गाडी रंगकामाच्या चांगल्या बूथमध्ये द्यावी. रंग बदलणार असाल, तर आरसीवर तशी नोंद करून घ्या.

घरी सिंथेटिक एनॅमल मारला, तर तो हवेतला ऑक्सिजन शोषून हळूहळू घट्ट होतो. वरून सुकलेला दिसला तरी आत ही क्रिया काही आठवडे चालते, तेव्हा इतक्यात प्लास्टिकचं कव्हर घालू नका. त्या काळात सिलच्या आत मेणयुक्त गंजरोधक फवारा आणि दारांच्या तळाची भोकं तारेने मोकळी करा.